राज्यपालांच्या बारा जागा आणि कलावंताची अडकलेली फाईल

रंगपट

राज्य सरकार कलेसाठी काय करतं यावर बोलायची वेळ आली की आपण थेट रकमेवर येतो. नाटकाला अनुदान किती, मराठी चित्रपटाला किती, महाराष्ट्र भूषणची रक्कम २५ लाख झाली ती योग्य की अयोग्य. या धाग्यात मला आधी दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. आपल्या विधिमंडळात कलेच्या नावाने संविधानाने जागा ठेवल्या आहेत. त्या राज्यपालांच्या सहीने भरल्या जातात. आणि त्या जागांवर कलावंत दिसेनासा झाला आहे. अनुदान आणि मानधनाच्या रखडपट्टीचं एक मोठं कारण मला इथे दिसतं.

कलम १७१(५) सांगतं, की साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा यांचं विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या व्यक्तींना राज्यपाल विधान परिषदेवर नेमतील. महाराष्ट्राच्या परिषदेत ७८ सदस्य, त्यांतले १२ असे. राज्यसभेवर राष्ट्रपती नेमतात तेही बाराच, पण तिथे सहकार नाही.

आपल्याकडे या जागेवर कोण बसलं होतं ते आठवा. गदिमा १९६२ ते १९७४ अशी बारा वर्षं परिषदेत होते. १९७८ मध्ये ना. धों. महानोर आले. पळसखेडचा हा कवी सभागृहात बोलला तो मुख्यतः पाणी, शेती आणि फळबागांवर. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कवीला तिथे कविता म्हणायला पाठवायचं नसतं. ज्याने गावोगाव फिरून माणसं पाहिली आहेत, त्याने कायदा होताना समोर बसावं, एवढाच त्या कलमाचा हेतू आहे.

आता अलीकडचं बघा. जून २०२० मध्ये आधीच्या बारा जणांची मुदत संपली. नोव्हेंबर २०२० मध्ये तेव्हाच्या मंत्रिमंडळाने १२ नावं राज्यपालांकडे पाठवली. त्यावर हो नाही, नाही नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाने म्हटलं, की राज्यपालांनी वाजवी वेळेत निर्णय घ्यायला हवा आणि आठ महिने हा वाजवीपेक्षा जास्त वेळ झाला. तरीही काही झालं नाही. २०२२ मध्ये सरकार बदललं, नव्या सरकारने जुनी यादी मागे घेतली, मग सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती, ती उठणं, पुन्हा याचिका. शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये सात जणांचा शपथविधी झाला आणि पाच जागा तेव्हाही रिकाम्याच राहिल्या. त्या सात जणांत रंगभूमी, संगीत, लोककला किंवा चित्र-शिल्पकलेतून आलेलं कोणी नव्हतं. चार वर्षांहून जास्त काळ बाराच्या बारा खुर्च्या मोकळ्या होत्या, याचा त्रास एकाही पक्षाला झाला नाही, कारण प्रत्येकाला वाटत होतं की आपली वेळ आली की आपली माणसं बसवू.

याच नोव्हेंबर २०२० मध्ये तेलंगणात लोककवी आणि लोकगायक गोरटी वेंकन्ना राज्यपाल नियुक्त सदस्य झाले. म्हणजे इच्छा असली तर आजही जमतं.

आता याचा मानधनाशी काय संबंध? विधान परिषदेच्या सदस्याकडे तारांकित प्रश्न असतो, लक्षवेधी असते, अर्धा तास चर्चा असते. तारांकित प्रश्न पटलावर आला की मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि त्या उत्तरासाठी खात्यात खालपासून वरपर्यंत फाईल शोधली जाते. कलावंताचं काम अडलंय आणि कुठे अडलंय, हे माहीत असलेला माणूसच तिथे नसेल, तर तो प्रश्न विचारणार कोण?

एक गोष्ट जवळून बघितलेली सांगतो. आमच्या तालुक्यात एक ज्येष्ठ गोंधळी आहेत. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलाकारांसाठीच्या मानधन योजनेत त्यांचा अर्ज भरायला मी बसलो होतो. योजना जुनी, १९५४-५५ पासूनची. पूर्वी तीन श्रेण्या होत्या, राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा, आणि महिना ३,१५०, २,७०० आणि २,२५० रुपये. २०२४ मध्ये श्रेण्या काढून सरसकट ५,००० केले आणि योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलं. चांगला निर्णय होता, मनापासून सांगतो. पण अर्जाला पुरावे लागतात. कार्यक्रमाच्या पत्रिका, वर्तमानपत्रातली कात्रणं, प्रशस्तिपत्रं, आकाशवाणीचं काही असेल तर ते. गोंधळ्याकडे कसली आली पत्रिका? लग्न झालं की यजमान दारात येऊन सांगतो, हे संबळ घेऊन जातात, रात्रभर उभे राहतात, पहाटे जोत पाजळून परत. पत्रिका छापली जाते लग्नाची, गोंधळाची नाही. शेवटी सहा गावांच्या सरपंचांची पत्रं गोळा केली, एका पत्रावर जावक क्रमांक नव्हता म्हणून ते परत आलं. त्यांच्या हातात संबळाच्या काड्यांनी पडलेले घट्टे होते, त्यासाठी अर्जात रकाना नव्हता.

ही गोष्ट सभागृहात कोणी उभं राहून सांगितली असती, तर पुराव्यांची अट एका दुरुस्तीत सुटली असती. वारकरी कीर्तनकार, वासुदेव, बहुरूपी, पोतराज, सगळ्यांचं हेच होतं.

माझी मागणी सरळ आहे. बारापैकी निदान चार जागा साहित्य आणि कलेतल्या माणसांना मिळाव्यात. शिफारस करताना त्या व्यक्तीचं त्या क्षेत्रातलं काम काय, हे सरकारने जाहीर करावं. आणि राज्यपालांनी ठरावीक दिवसांत होकार किंवा कारणासह नकार द्यावा. तुमचं मत लिहा. विरोधी असेल तर जास्त बरं.

वकिली_चष्मा

चांगला धागा. पण सगळा रोख राज्यपालांवर गेला तर नेम चुकेल.

राज्यपाल हे नाव स्वतःच्या मनाने ठरवत नाहीत. कलम १६३ प्रमाणे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचं असतं. १९७४ च्या शमशेर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते पक्कं केलं. विधान परिषदेच्या नियुक्त्याही त्याच सल्ल्याने होतात. म्हणजे यादीत कलावंत नसेल तर ती चूक आधी मंत्रिमंडळाची. राज्यपालांची चूक असते ती यादी दाबून ठेवण्याची. या दोन वेगळ्या चुका आहेत आणि आपण त्या वेगळ्याच मोजायला हव्यात.

२०२० च्या यादीबद्दल एक नोंद हवी. वर्तमानपत्रांत आलेल्या त्या नावांत लोकगायक आनंद शिंदे होते, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचे अनिरुद्ध वनकर होते, अभिनेत्री ऊर्मिला मातोंडकर होत्या. उरलेले बरेचसे राजकारणातले. म्हणजे तीन तरी नावं कलेच्या बाजूची होती आणि त्यांचाच वेळ सगळ्यात फुकट गेला. राजकारण्याला दुसरी जागा मिळते, लोकगायकाला मिळत नाही.

न्यायालयाबद्दलही नीट सांगतो. कलम ३६१ मुळे राज्यपाल आपल्या कामाबद्दल कोर्टाला उत्तर द्यायला बांधील नाहीत. म्हणून २०२१ च्या निकालात अपेक्षा व्यक्त झाली, आदेश नव्हता. मुदत घालायची तर ती संविधान दुरुस्तीने किंवा परंपरेने. दुरुस्ती दूरची गोष्ट. परंपरा मात्र लोकांच्या दबावाने तयार होते.

रंगपट

@वकिली_चष्मा, दोन चुका वेगळ्या मोजायच्या, हे पूर्ण मान्य. म्हणूनच कामाचा तपशील जाहीर करण्याची मागणी मी सरकारकडे ठेवली आहे आणि मुदतीची राज्यपालांकडे.

ढोलकीचा_ताल

मी नारायणगाव पट्ट्यातला. आमच्या घरातले लोक तमाशाच्या फडाबरोबर हिंडलेले आहेत, म्हणून पैशाचं चक्र कसं फिरतं ते लिहितो. बाहेरच्यांना ते ठाऊक नसतं.

फडाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्ध पौर्णिमेच्या आसपास संपतो. मोठ्या तंबूच्या फडात शंभरावर माणसं. नाचणाऱ्या, सोंगाडे, ढोलकीवाले, पेटीवाले, तंबू ठोकणारे बिगारी, ड्रायव्हर, आचारी. हंगाम सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाला उचल द्यावी लागते, नाहीतर माणूस दुसऱ्या फडात जातो. ही उचल फडमालक सावकाराकडून व्याजाने आणतो. गाड्यांची डागडुजी, कनाती, जनरेटर, कपडे, सगळं पावसाळ्याच्या शेवटाला. म्हणजे पैसा लागतो भाद्रपदात.

सरकारचं भांडवली अनुदान आणि प्रयोग अनुदान आहे, ते मी नाकारत नाही. पण ते येतं कधी? जाहिरात निघते, अर्ज जातात, समिती प्रयोग बघते, यादी लागते, आणि रक्कम मार्चअखेरीस वळती होते, कधी त्याच्याही पुढच्या वर्षात. तोवर सावकाराचं व्याज तेवढंच होऊन बसतं. तीच रक्कम, एक रुपयाही न वाढवता, भाद्रपदात दिली तर फडमालक सावकाराच्या दारात जाणार नाही. हे कोणाला सांगायचं? मंत्री कार्यक्रमाला येतात, फेटा बांधून घेतात, भाषणात लोककला जगली पाहिजे म्हणतात. त्यांना हे कॅलेंडर कोणीतरी समजावून सांगायला हवं.

आणि गुढीपाडव्याला नारायणगावात राहुट्या लागतात, तिथे गावोगावचे पुढारी येऊन यात्रेची सुपारी देतात, म्हणजे खेळ ठरवून जातात. कोविडच्या दोन वर्षांत त्या राहुट्याच लागल्या नाहीत. तेव्हाच्या कर्जातून बरेच फड अजून सावरलेले नाहीत.

तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण पुरस्कार म्हातारपणी एकाला मिळतो. उचल दरवर्षी शंभर जणांना लागते.

करदात्याचा_प्रश्न

धागाकर्त्याने विरोधी मत मागितलं म्हणून लिहितो, मनात राग नाही.

मुळात सरकारने कलेला पैसे का द्यावेत? शाळांना छपरं नाहीत, आरोग्य केंद्रात डॉक्टर नाहीत. झाडीपट्टीची नाटकं अनुदानाशिवाय रात्रभर चालतात असं ऐकतो. लोकांना हवी असलेली कला लोक जगवतात. आणि सरकारचा पैसा आला की सरकारची मर्जीही येते. उद्या नियुक्त आमदार झालेला कलावंत सरकारविरुद्ध गाणार का?

झाडीचा_पाहुणा

माझ्या भागाचं नाव निघालं म्हणून बोलतो. मी वडसा भागातला.

होय, आमची नाटकं अनुदानावर चालत नाहीत. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाली की वडशात नाटक मंडळांची कार्यालयं उघडतात. गावातली समिती येते, नाटक ठरवते, बयाणा देते. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असेल तर त्या रात्री नाटक हवंच. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी, आणि त्या दिवशी आमच्याकडे लोक एकमेकांना पेढे देत होते.

पण सरकार आमच्या मधे येत नाही असं कोणी समजू नये. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री १० नंतर भोंगा बंद. आमचं नाटक सुरूच होतं त्या सुमाराला आणि संपतं उजाडताना. दर गावी पोलीस ठाण्याची परवानगी. शिवाय रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संहितेला प्रमाणपत्र. म्हणजे सरकार आधीच आमच्या मंचावर उभं आहे. रोखायला येतं, मग हात द्यायलाही यावं. आम्हाला रोख पैसे नकोत. मोसमापुरती परवानगी एकदाच जिल्हा पातळीवर द्या, एकेका ठाण्यात खेटे घालायला लावू नका. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पावसाळ्यात तालीम करता येईल असं एक सभागृह द्या.

आता राज्यपालांच्या दोन गोष्टी, ज्या वर कोणी लिहिल्या नाहीत.

पहिली. नागपूरला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, १९८६ पासून. देशात अशी सात केंद्रं. पैसा केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाचा, पण ज्या राज्यात केंद्र असतं तिथले राज्यपाल त्याचे अध्यक्ष असतात. म्हणजे नागपूर केंद्राचे अध्यक्ष महाराष्ट्राचे राज्यपाल. त्यात आपल्याबरोबर मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र, कर्नाटकही येतात. इथे राज्यपाल अध्यक्षाच्या खुर्चीत बसतात, बैठक घेतात, कार्यक्रम ठरतात. महोत्सव होतात, चांगले होतात. पण महोत्सवात कलावंत चार दिवस येतो आणि जातो. गुरूजवळ बसून तीन वर्षं शिकणाऱ्या पोराला या केंद्राकडून काय मिळतं, हे अध्यक्षांना विचारायला पाहिजे.

दुसरी. कलम ३७१(२). विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांत विकासखर्च न्याय्य वाटला जावा याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर आहे. हा मंत्रिमंडळाच्या सल्ल्यापलीकडचा अधिकार मानला जातो. दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालापासून अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांची तूट, मोजला गेला, त्यात सिंचन, रस्ते, आरोग्य, शिक्षण आलं. नाट्यगृह, कलाशाळा, संग्रहालय यांचा अनुशेष कोणी मोजलाच नाही. विकास मंडळांची मुदतही एप्रिल २०२० मध्ये संपली. गडचिरोलीच्या पोराला चित्रकला शिकायची तर त्याने नागपूर गाठायचं. हा अनुशेष नाही तर काय आहे?

पडद्यामागची

@झाडीचा_पाहुणा, ३७१ चा मुद्दा मी कलेच्या संदर्भात पहिल्यांदाच वाचला. फार मोलाचा आहे.

मी राज्य नाट्य स्पर्धेत वीसेक वर्षं नेपथ्य आणि प्रकाशयोजना सांभाळते. ही स्पर्धा १९५४ पासून आहे. @करदात्याचा_प्रश्न, तुमच्या शंकेला माझं उत्तर हीच स्पर्धा. मराठी रंगभूमीवर आणि पडद्यावर नावाजलेली कितीतरी माणसं हौशी स्पर्धेतून पुढे आली. सरकारने त्यांना नोकऱ्या दिल्या नाहीत, पुतळे उभारले नाहीत. वर्षातून एकदा एक केंद्र, एक नाट्यगृह, परीक्षक आणि थोडा निर्मिती खर्च दिला. तेवढ्यावर बँकेतला कारकून आणि शाळेतली शिक्षिका नाटक बसवत राहिले. सरकारवर टीका करणारी नाटकंही याच मंचावर झाली. पैसा आला म्हणून सगळ्यांची जीभ अडखळली, असं झालेलं नाही.

त्रुटी मात्र आहेत. केंद्रावर लाइटचं साहित्य निम्मं बंद असतं. दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारा डिमर चालत नाही, मग संध्याकाळच्या प्रयोगाला दुपारी बाहेरून भाड्याने आणायचं, ते स्वतःच्या खिशातून. बायकांसाठी रंगपटात कडी लागणारं दार मागायला मला एका केंद्रावर तीन हंगाम लागले. या गोष्टी धोरणाच्या कागदात सापडणार नाहीत. २०१० मध्ये राज्याचं सांस्कृतिक धोरण आलं, २०२४ मध्ये नवं मंजूर झालं. दोन्ही वेळी मी आशेने वाचायला घेतलं. धोरणात अंमलबजावणीचा अहवाल दरवर्षी सभागृहात ठेवण्याची सक्ती असायला हवी.

कॅन्ससकर

बाहेरून वाचतोय, इथला अनुभव लिहितो, कारण इथले गव्हर्नर आणि आपले राज्यपाल यांत लोक नेहमी गल्लत करतात.

अमेरिकेत गव्हर्नर निवडून येतो. आपल्या मुख्यमंत्र्यासारखाच तो खरा कारभारी असतो. बहुतेक राज्यांत कला परिषदेचे सदस्य तोच नेमतो. आणि त्याच्या हातात आणखी एक मोठं हत्यार असतं. विधिमंडळाने मंजूर केलेल्या अर्थसंकल्पातली एखादीच ओळ तो खोडू शकतो. २०११ मध्ये आमच्या कॅन्ससच्या गव्हर्नरांनी राज्य कला आयोगाचा निधीच खोडला. देशात कलेसाठी सरकारी निधी असलेली यंत्रणा नसलेलं हे एकमेव राज्य झालं. पुढचा फटका वेगळाच होता. केंद्राची नॅशनल एंडोमेंट फॉर द आर्ट्स, १९६५ ची संस्था, राज्यांना पैसा देते, पण राज्यानेही आपला वाटा घालावा लागतो. राज्याचा वाटा शून्य झाल्यावर केंद्राचाही गेला. वर्षभराने वेगळ्या नावाने नवा आयोग आला. २०२४ मध्ये फ्लोरिडाच्या गव्हर्नरांनी असंच केलं, सुमारे ३.२ कोटी डॉलरचं कला अनुदान एका सहीत गेलं. छोटी संग्रहालयं आणि सामुदायिक रंगमंच वर्षाचं नियोजन करून बसले होते.

आपल्या राज्यपालांना ओळ खोडायचा अधिकार नाही, हे बरंच आहे. पण इथे ज्याने निधी खोडला त्याचं नाव लोकांना माहीत असतं आणि पुढच्या निवडणुकीत विचारता येतं. आपल्याकडे यादी पडून राहिली तर राज्यपाल म्हणतात विचाराधीन आहे, मंत्रिमंडळ म्हणतं आम्ही पाठवली. जबाबदारी दोघांच्या मधे हरवते.

वकिली_चष्मा

याला जोडून एक. सांस्कृतिक कार्य विभागाचा कुठलाही शासन निर्णय उघडा. शेवटी ओळ असते, "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने". कलम १६६ मुळे सगळा कारभार त्यांच्याच नावाने चालतो. मानधनाचा निर्णय, फडाच्या अनुदानाचा निर्णय, समिती नेमण्याचा निर्णय, सगळे त्यांच्या नावाने. अधिकार मंत्रिमंडळाचा असला तरी राज्यपालांनी माहिती मागवली, तर कलम १६७ प्रमाणे मुख्यमंत्र्यांना ती द्यावी लागते. किती अर्ज पडून आहेत, असं पत्र राज्यपाल उद्या पाठवू शकतात. त्यासाठी कोणाचाही सल्ला लागत नाही.

करदात्याचा_प्रश्न

परवानगीचा मुद्दा आणि स्पर्धेचा मुद्दा, दोन्हींत तथ्य आहे. कमी पैशात सोय देणं आणि नियम सोपे करणं याला माझा विरोध नव्हताच. माझा आक्षेप मोठ्या रोख रकमांवर आहे, तो कायम. नियुक्त जागांबद्दल एवढंच म्हणेन, की कलावंताला पाठवायचं तर कुठल्याही पक्षाचा सदस्य नसलेला पाठवा.

रंगपट

पक्षाचा सदस्य नसावा ही अट मला आवडली. संविधानात ती नाही, पण सरकार स्वतःहून पाळू शकतं. मामा वरेरकर १९५६ ते १९६४ राज्यसभेत नियुक्त सदस्य होते, ते नाटककार म्हणून.

रोख रकमेबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. कोल्हापूर बघा. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी आश्रय दिला, म्हणजे गवयाचं पोट सांभाळलं. आणि त्याच महाराजांनी पॅलेस थिएटर बांधलं, तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झालं, शेजारी कुस्तीचं खासबाग मैदान. माणसालाही दिलं आणि वास्तूलाही. ८ ऑगस्ट २०२४ ला ते नाट्यगृह जळालं तेव्हा रस्त्यावर लोक रडत होते. सरकारने पुनर्बांधणीला पैसा जाहीर केला, तो द्यायलाच हवा होता. मानधन योजनेला ज्यांचं नाव दिलं, त्यांनी गवयाकडे कात्रणं मागितली नव्हती.

आता कामाचं. नुसती चर्चा करून थांबायचं नसेल, तर माहिती अधिकारातून सुरुवात करू. माझ्या डोक्यात तीन अर्ज आहेत. एक, सामान्य प्रशासन विभागाकडे: मागच्या तीन वेळच्या राज्यपाल नियुक्त सदस्यांच्या शिफारशीत प्रत्येकाचं क्षेत्र कोणतं लिहिलं होतं. दोन, आपापल्या जिल्ह्यात मानधनाचे किती अर्ज पुराव्याअभावी नाकारले, कारणांसह. तीन, प्रयोगात्मक कलांच्या अनुदानाची मंजुरीची तारीख आणि रक्कम खात्यात जमा झाल्याची तारीख, मागच्या पाच वर्षांची. @ढोलकीचा_ताल, तिसऱ्या अर्जातली भाषा तुम्ही बघाल का?

ढोलकीचा_ताल

बघतो. जाहिरातीची तारीख पण मागा, नाहीतर विलंब कुठे झाला ते दिसणार नाही.

वकिली_चष्मा

अर्ज लिहिताना सांभाळा. महाराष्ट्राच्या नियमांत एक अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. "का" असं विचारू नका, उत्तर मिळत नाही. कागद मागा: टिपणी, यादी, इतिवृत्त, जावक नोंद.

जिल्ह्याच्या अर्जात एक भर घाला. दरवर्षी जिल्ह्यामागे १०० नव्या लाभार्थ्यांची मर्यादा आहे, ती त्या वर्षी भरली का ते विचारा. जागा मोकळ्या असताना अर्ज नाकारले असतील, तर राज्यपालांना द्यायच्या निवेदनात तोच आपला पहिला मुद्दा.

झाडीचा_पाहुणा

नागपूरच्या केंद्राचा अर्ज मी करतो. ते केंद्र सरकारकडे येतं, म्हणून नियम वेगळे, ५०० शब्द आणि १० रुपयांची पोस्टल ऑर्डर. नियामक मंडळाच्या मागच्या पाच बैठकांची इतिवृत्तं मागतो आणि गुरू-शिष्य परंपरेवर झालेला खर्च जिल्हानिहाय. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया वेगळे काढून द्या असं लिहीन.

पडद्यामागची

माझ्या जिल्ह्याचा मानधनाचा अर्ज मी सोमवारी देते. बाकीच्यांनी आपापला जिल्हा इथेच खाली लिहा, म्हणजे एकाच ठिकाणी दोन अर्ज जाणार नाहीत.